गतदुःखापासून मुक्ति

मनुष्याच्या डोक्यावरील भारा उतरून घेणारा कोणी तरी वाटेंत भेटतो. परंतु मनावरील ओझें उतरून घेण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं, कारण तें कोणास दिसतच नाहीं. ज्यास तें वाहावें लागतें तो हंसतो, खेळतो, परीक्षा देतो, नोकरी करितो, चारचौघांसारखा संसार थाटतो. आणि तरी एखादा शब्द, एखादा वास, एखादी तिथि त्यास एका क्षणांत कित्येक वर्षें मागें ओढून नेते. झालें गेलें गंगेला मिळालें, असें आपण म्हणतों खरें. परंतु पुष्कळांच्या बाबतींत तें गंगेला मिळालेलें नसतें, दारांतल्या डबक्यासारखें तें तेथेंच सांचून राहिलेलें असतें. अशा भूतकाळापासून मनुष्यास सुटका आहे काय, आणि असल्यास ख्रिस्ती श्रद्धा ती कशा रीतीनें देते, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. वार्षिकांत सहलींचीं वर्णनें असावीं, सामन्यांचे निकाल असावे, फार तर वक्तशीरपणावर एखादा निबंध असावा. परंतु ज्यांनीं वर्गांत वीस-बावीस वर्षें खडू झिजविला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, चाळीस मुलांच्या वर्गांत जशीं चाळीस दप्तरें असतात तशीं न दिसणारीं गांठोडींही असतात. कोणाच्या घराची दारूनें धूळधाण झालेली असते. कोणास आजीच्या दारीं सोडून आईबाप दूर गेलेले असतात. कोणास जातीवरून बोललेला एक शब्द कांट्याप्रमाणें सलत असतो. सन २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या साथींत कोणाच्या घरांतील कर्तें माणूस आठ दिवसांत नाहींसें झालेलें असतें. हीं मुलें मोठीं होतात आणि गांठोडें बरोबर नेतात. म्हणून ज्या विषयाची परीक्षा होत नाहीं त्याविषयीं दोन शब्द लिहिणें हें आम्ही शिक्षकाचें कामच समजतों.

अशा दुखावलेल्या जीवास दोन उपदेश ठरलेले असतात. जग म्हणतें, काळ हेंच औषध. दम धर, आपोआप विसरशील. आम्ही ख्रिस्ती लोक त्याहून मोठें वचन देतों. ख्रिस्ताकडे ये, म्हणजे मागील सर्व पुसून जाईल. पहिला उपदेश अपुरा आहे, हें ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे त्यास सांगावयास नको. काळानें जखमेवर खपली धरते, पण आंत सल राहिला असेल तर खपलीखालीं पू होतो. दुसऱ्या उपदेशांतील हेतु चांगला आहे. तथापि ज्या शब्दांत तो केला जातो त्या शब्दांबद्दल आमची तक्रार आहे. श्रद्धेनें स्मृति पुसली जाते असें आम्हांस शास्त्रांत आढळत नाहीं, आणि ज्यांचीं चरित्रें आम्ही आदरानें वाचतों त्यांच्या आयुष्यांतही आढळत नाहीं. स्मृति राहते, तिची सत्ता जाते. हें जें सत्ता जाणें, त्यासच आम्ही मुक्ति म्हणतों.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. योसेफास त्याच्या भावांनीं विकलें, तो मिसर देशांत दास झाला, तुरुंगांत पडला, आणि शेवटीं त्या देशाचा कारभारी झाला. त्यानें आपल्या पहिल्या पुत्राचें नांव मनश्शे ठेविलें. देवानें मला माझे कष्ट व माझ्या बापाचें घर विसरावयास लाविलें, असा त्या नांवाचा आशय. परंतु पुढें दुष्काळांत तेच भाऊ धान्यासाठीं समोर येऊन उभे राहिले, तेव्हां योसेफ त्यांच्यापासून बाजूस होऊन रडला. मुलाचें नांव विस्मरण, आणि डोळ्यांत पाणी! तो कांहींच विसरला नव्हता. मात्र सूड घेण्याचें सामर्थ्य हातीं असतांना त्यानें भावांच्या गोण्या धान्यानें भरून दिल्या. त्याच्या मुक्तीचें माप त्या गोण्यांत आहे. पुत्राच्या नांवांत नाहीं.

पौलाचें एक वाक्य या प्रसंगीं नेहमीं पुढें केलें जातें. फिलिप्पैकरांस लिहितांना तो म्हणतो कीं, मागील गोष्टी विसरून मी पुढील गोष्टींकडे धांव घेतों. परंतु त्याच अध्यायांत वर त्यानें जी यादी दिली आहे ती मुख्यतः त्याच्या अभिमानाच्या गोष्टींची आहे. आपलें कुळ, आपला पंथ, आपलें धर्मपालन. प्रौढी मिरविण्याचीं हीं साधनें त्यानें मागें टाकिलीं. आपण मंडळीचा छळ करीत होतों ही लाजिरवाणी आठवण मात्र त्यानें यरुशलेमेंतील जमावापुढें सांगितली, अग्रिप्पा राजापुढेंही सांगितली. आम्ही बहुधा याच्या उलट करितों. मानाच्या गोष्टी जपून ठेवितों आणि लाजेच्या गोष्टी विसरल्याचें सोंग आणितों.

पेत्राची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. प्रमुख याजकाच्या अंगणांत कोळशांच्या विस्तवापाशीं शेकत असतांना त्यानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें. पुनरुत्थानानंतर समुद्राच्या कांठीं प्रभु त्यास भेटला, तेव्हांही तेथें कोळशांचा विस्तव पेटलेला होता, आणि प्रश्नही तीनच वेळां विचारण्यांत आला. ज्या विस्तवापाशीं पेत्र पडला होता तसल्याच विस्तवापाशीं प्रभूनें त्यास पुनः नेलें, आणि तेथेंच त्यास मेंढरें चारण्याचें काम दिलें. जखमेस वळसा घालून जाणारा वैद्य निराळा, आणि तिला हात लावून ती धुणारा वैद्य निराळा. स्वतः प्रभूच्या पुनरुत्थित देहावरील खिळ्यांचे व्रणही नाहींसे झाले नव्हते. थोमास ते दाखविण्यांत आले.

या सिद्धांताचें उदाहरण पाहण्यास आम्हां पुणेकरांस दूर जावें लागत नाहीं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव म्हणून स्टेशन आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं स्थापिलेली संस्था आजही उभी आहे, आणि तिचें नांवच मुक्ति असें आहे. पंडिताबाईंची विद्वत्ता व कीर्ति पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस येथें त्यांच्या आयुष्यांतील एकच धागा हातीं धरावयाचा आहे. ज्या बाईचा भूतकाळ इतका दारुण होता तिनें त्याचें केलें काय?

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान्. त्यांनीं लोकमताविरुद्ध आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें पुढें रमाबाईंस शिकविलें. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गांवोगांव फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाचें अन्न तुटलें. रानांतील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईचें प्रेत उचलण्यास पुरेसे लोक मिळेनात. दोन ब्राह्मण दया येऊन आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा मुलीनें दिला. रमाबाई उंचीनें ठेंगण्या, म्हणून त्यांच्या बाजूचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैल दूर होतें. हें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. त्या वेळीं त्यांचें वय सोळा वर्षांच्या आसपास होतें. आजच्या हिशेबानें आमच्या दहावी-अकरावीच्या वर्गांतील मुलगी.

थोरली बहीणही लवकरच वारली. राहिलीं दोघें भावंडें. त्यांनीं काश्मीरपासून बंगालपर्यंत पायीं प्रवास केला. झेलम नदीच्या कांठीं थंडी असह्य झाली, तेव्हां वाळूंत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनीं रात्र काढिली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं, तेथें पंडितांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० सालीं भाऊही मृत्यु पावला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला, आणि दोन वर्षांच्या आंत, फेब्रुवारी १८८२ मध्यें, पटकीनें पति वारला. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी. वय चोवीस वर्षेंही पूर्ण झालेलें नव्हतें. एखाद्या मनुष्याच्या हृदयांत कडवटपणाचा साठा होण्यास याहून अधिक काय पाहिजे?

त्या पुण्यास आल्या. १८८२ सालीं त्यांनीं येथें आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. पुढील वर्षीं त्या इंग्लंडला गेल्या, आणि ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. त्यांचें मन कशानें वळलें, याचें उत्तर त्यांनींच दिलें आहे. समाजानें पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची कांहीं भगिनी आस्थेनें सेवा करीत आहेत, असें त्यांनीं लंडनांतील फुलॅम येथें पाहिलें. असें कां करितां, असें विचारतां त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. त्या गोष्टींतील स्त्री पांच नवरे झालेली, भर उन्हांत एकटी पाण्यास येणारी. आणि प्रभु तिच्या भूतकाळाचा उल्लेख टाळीत नाहीं, पण त्यावरून तिला हांकलूनही देत नाहीं. रमाबाईंच्या मनास जें लागलें तें हेंच, असें आम्हांस वाटतें.

येथें एक गोष्ट आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. बाप्तिस्म्यानें रमाबाईंच्या मनास एकदम शांति मिळाली नाहीं. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, परंतु ख्रिस्त सांपडला नव्हता, असें त्यांनीं स्वतः १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत सांगितलें आहे. तो सांपडण्यास १८९१ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं आठ वर्षें गेलीं. त्या अवधींत त्यांनीं अमेरिकेंत व्याख्यानें दिलीं, ग्रंथ लिहिला, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें व १८९० सालीं तें पुण्यास आणिलें. बाहेरून पाहणारास वाटावें, ही बाई पूर्ण सुटलेली आहे. आंत मात्र शोध चालूच होता. तेव्हां ज्याचें दुःख प्रार्थनेनें एका रात्रींत गेलें नाहीं, त्यानें आपल्या श्रद्धेंत कांहीं उणें आहे असें मानून खचूं नये. पंडिता रमाबाईंस आठ वर्षें लागलीं. तुम्हां-आम्हांस नऊ लागलीं तर बिघडलें कोठें?

आतां कथेचें मर्म. १८९६ सालीं मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाई त्या वेळीं पुण्यास होत्या. पदरीं एक चालती संस्था, डोक्यावर तिची काळजी. १८९३ सालीं सदनांतील ख्रिस्ती शिकवणुकीवरून पुण्यांत मोठें वादळ झालें होतें. सल्लागार मंडळींतील वजनदार गृहस्थांनीं अंग काढून घेतलें होतें, व कित्येक पालकांनीं मुली परत नेल्या होत्या. अशा स्थितींत त्या दुष्काळाकडे न गेल्या असत्या तर कोणी त्यांस दोष दिला नसता. उलट, ज्या बाईनें दुष्काळांत आईबाप गमाविले तिनें त्या दृश्याकडे पाठ फिरविली असती, तर तें अगदीं स्वाभाविक ठरलें असतें. परंतु दुष्काळाची वार्ता ऐकून त्यांस आपले वीस वर्षांपूर्वींचे दिवस आठवले, आणि ती आठवणच त्यांना मध्यप्रांतांत घेऊन गेली. उपाशी मुलीची नजर कशी असते, भुकेच्या पोटीं तिच्यापुढें कोणते सांपळे मांडले जातात, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्या वेळीं त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग होता आणि शहरांत इतक्या जणींस ठेवण्याची परवानगी नव्हती. म्हणून फळबागेसाठीं म्हणून घेतलेल्या केडगांवच्या जमिनीवर त्यांस नेण्यांत आलें. मुक्ति मिशनचा आरंभ असा झाला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. ज्या मुलीच्या आईच्या प्रेतास चौथा खांदेकरी मिळत नव्हता, तीच मुलगी पुढें शेंकडों अनाथ मुलींची आई झाली. जी आठवण तिला जन्मभर पांगळी करावयाची, तीच तिचे पाय झाली. ती आठवण पुसली गेली असती तर १८९७ सालच्या त्या मुली कोणाच्या दारीं गेल्या असत्या? यासाठींच आम्ही म्हणतों कीं, देवाजवळ विस्मरण मागूं नये. त्या आठवणीस काम मागावें.

१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या आणि केडगांव येथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. आंधळ्यांसाठीं निराळें सदन झालें. ज्यांस समाज घरांत घेत नाहीं अशा स्त्रियांसाठीं कृपा सदन झालें. फुलॅमला जें पाहिलें होतें तें केडगांवच्या मातींत रुजलें. येणाऱ्या प्रत्येकीस आपलें दुःख कुरवाळीत बसण्यास सवड मिळाली नसेल, कारण तिच्या हातीं कांहीं तरी उद्योग दिला जाई. आणि आपलें कोणीच नाहीं असें म्हणण्यास तिला कारणही उरलें नाहीं.

या मुक्तीमुळें त्यांच्यावर पुनः दुःख आलें नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. १९२१ च्या जुलैंत त्यांची एकुलती कन्या मनोरमा, जी त्यांचा उजवा हात होती, ती वारली. रमाबाई त्या वेळीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठींत पवित्रशास्त्राचें भाषांतर करीत होत्या. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. तें तडीस नेऊन ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यांत तें शास्त्र १९२४ सालीं छापून पुरें झालें. दुःखास यापुढें दार बंद झालें, असें श्रद्धा सांगत नाहीं. दुःख आलें तरी तें घराचा धनी होणार नाहीं, एवढें ती सांगते.

दुसरें उदाहरण थोडक्यांत देतों. लक्ष्मीबाई टिळकांचीं स्मृतिचित्रें न वाचलेला मराठी विद्यार्थी विरळा. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यानें जाचलेलें बालपण, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावर सुमारें पांच वर्षांचा वियोग, इतकें त्यांनीं सोसलें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि त्या आठवणी लिहून काढिल्या. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. वाचतांना आश्चर्य वाटतें तें हें कीं, ज्या प्रसंगीं रडावयाचें त्या प्रसंगीं ही बाई आपणांस हंसविते. आणि त्या हंसण्यांत ना वडिलांविषयीं विष आहे, ना पतीविषयीं. आपल्या दुःखाकडे पाहून ज्यास मोकळेपणीं हंसतां येतें त्यावर त्या दुःखाची सत्ता कोठें उरली? रमाबाईंच्या आठवणींचें सेवेंत रूपांतर झालें, लक्ष्मीबाईंच्या आठवणींचें साहित्यांत झालें. देव सर्वांस एकाच सांच्यांत ओतीत नाहीं.

आमचे हिंदु, मुसलमान व इतर धर्मीय विद्यार्थी व पालक हे वाचतील, त्यांस एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होती. तिनें धर्म बदलला नाहीं. १८९३ सालीं तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, व आनंदीबाई म्हणून तिनें पतीच्या कार्यास जन्मभर साह्य केलें. विधवेच्या जिण्यांतून मान वर करण्यास तिला ज्या घरानें प्रथम हात दिला तें एका ख्रिस्ती बाईचें घर होतें. प्रभूच्या नांवानें दिलेला हात घेणारास त्याबद्दल धर्माचें मोल द्यावें लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या श्रद्धेनें रमाबाईंस आधार दिला ती आम्हांस प्रिय आहे म्हणूनच तिचा बाजार मांडलेला आम्हांस खपत नाहीं.

आतां जें सांगितलें त्याचा कोणी विपर्यास करूं नये म्हणून तीन सूचना देणें अवश्य आहे.

पहिली ही कीं, क्षमा करणें म्हणजे अन्यायास न्याय म्हणणें नव्हे, आणि गप्प बसणेंही नव्हे. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनीं वृत्तपत्रांत उघडपणें लिहिलें; राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांची भीड धरली नाहीं. ज्याचें मन द्वेषांतून मोकळें झालें आहे तोच अन्यायाविरुद्ध नीट बोलूं शकतो, कारण तो सुडासाठीं बोलत नसतो.

दुसरी ही कीं, जें दुःख आजही चालू आहे तें भूतकाळ नव्हे. ज्या मुलास वा मुलीस कोणी आज मारीत असेल, छळीत असेल, नको त्या रीतीनें स्पर्श करीत असेल, त्यास क्षमेचा उपदेश करणें हें पाप आहे. त्या मुलानें तात्काळ विश्वासाच्या मोठ्या माणसास सांगावें, एकानें ऐकिलें नाहीं तर दुसऱ्यास सांगावें; आणि ऐकणारानें घराण्याची, शाळेची वा मंडळीची अब्रू पुढें करून तें दडपूं नये. घर जळत असतां आधीं आग विझवावयाची असते. राखेंतून पुनः घर कसें उभारावें याचा विचार मागाहून.

तिसरी ही कीं, औषधाचा व श्रद्धेचा विरोध नाहीं. कित्येकांच्या मनास झालेली जखम इतकी खोल असते कीं, रात्रीची झोंप नाहींशी होते, जिणें नकोसें होतें. अशांनीं मनाच्या वैद्याकडे जावें, व त्याची लाज बाळगूं नये. पौलाचा सोबती लूक हा वैद्यच होता, आणि पौलानें त्यास प्रिय असें म्हटलें आहे. पाय मोडला असतां इस्पितळांत जाणारा ख्रिस्ती मनुष्य जर अविश्वासू ठरत नाहीं, तर मन मोडलें असतां जाणारा तरी कां ठरावा?

आमच्या मंडळ्यांतून साक्ष देण्याची जी चाल आहे तिच्याविषयीं एक विनंती करितों. मनुष्य व्यासपीठावर उभा राहतो, मागील आयुष्याचें भयंकर चित्र रंगवितो, आणि आतां सर्व संपलें असें सांगून खालीं बसतो. ऐकणारांत जो अजून झुंजत असतो तो मनांत म्हणतो, माझें तर संपलें नाहीं, मीच करंटा. त्यापेक्षां साक्ष देणारानें इतकें सांगावें, कीं आठवण अजून येते, परंतु आली असतां मी कोणाकडे जातों व तिचें काय करितों. अशा साक्षीनें एका माणसाचा तरी धीर वाढेल. आणि दुसऱ्याची जखम त्याच्या इच्छेविरुद्ध सभेंत उघडी करणें, मग तें देवाच्या गौरवासाठीं म्हणून कां होईना, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

शिक्षकबंधूंस व भगिनींस सांगावयाचें तें थोडेंच आहे. वर्गांत मागें बसणारा, गृहपाठ न आणणारा, उगाच मारामारी करणारा मुलगा दिसला म्हणजे आपण त्याचा आळस शोधतों. एकदां त्याचें गांठोडें शोधून पाहावें. तें उघडण्याची त्यावर जबरदस्ती करूं नये. तो बोलूं लागला तर ऐकावें, आणि ऐकून झाल्यावर लागलीच वचन फेंकून मारूं नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशीं मुकाट्यानें बसले तोंपर्यंत ते चांगले मित्र होते. बोलूं लागले तेव्हांच त्यांनीं घोटाळा केला. आणि त्या मुलास कांहीं तरी जबाबदारीचें काम सोंपवावें. बागेस पाणी घालण्याचें, लहान वर्गांतील मुलांस पाढे शिकविण्याचें, ग्रंथालयांतील पुस्तकें लावण्याचें. पेत्रास क्षमेबरोबर काम मिळालें होतें, हें आपण विसरूं नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं ज्यांस हा लेख आपल्याविषयींच लिहिला आहे असें वाटत असेल, त्यांस आमचें सांगणें असें : तुमच्यावर जें गुदरलें त्यानें तुम्ही कोण हें ठरत नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार ज्यानें तुम्हांस निर्माण केलें त्याचा आहे, आणि त्यानें तुम्हांस टाकिलेलें नाहीं. तुम्हांस आठवण येईल, येऊं द्या. ती आली म्हणजे तिला एकट्यानें तोंड देऊं नका. प्रार्थनेंत ती त्याच्यापुढें मांडा, आणि ज्यावर तुमचा भरंवसा आहे अशा एका तरी माणसापुढें मांडा. मग हळूहळू असा दिवस येईल कीं, तुमच्यासारखेंच दुखावलेलें एखादें लहान मूल तुमच्या समोर उभें राहील, व इतरांस न समजलेली त्याची नजर तुम्हांस समजेल. त्या दिवशीं त्याचा हात धरा.

केडगांवचें स्टेशन गाडींतून जातांना लागलें, तर खिडकींतून एकवार बाहेर पाहावें, आणि एका भुकेल्या मुलीच्या आठवणींतून तेथें काय उभें राहिलें याचें मनन करावें. आपल्यांतील प्रत्येकाच्या कटु स्मृतीस असेंच कांहीं सत्कार्य लाभो, हीच आमची प्रभुचरणीं नम्र विनंती आहे.